सहादेवाच्या सतरा तक्रारी

मांडवखेलच्या पोस्टात खुर्ची एकच होती, आणि निसळ मास्तर तिच्यावर फारसे बसत नसत. टपाल फोडायचं ते उभ्यानं, शिक्के मारायचे ते उभ्यानं, आणि खिडकीवर कुणी नसेल तेव्हा काउंटरपासून दारापर्यंत आणि दारापासून काउंटरपर्यंत येरझारा घालायच्या. जाताना अकरा पावलं, येताना अकरा. ती मोजल्याशिवायही त्यांना राहवत नसे.

घरी प्रेमलाबाई त्यांना भिंगरी म्हणत. "तुम्ही जेवायला बसता, पण तुमचा पाय काही बसत नाही," असं त्या वाढता वाढता म्हणत, आणि मास्तर पाय आवरून घेत. घटकाभरानं तो पुन्हा हलू लागे.

यज्ञेश्वर निसळ मूळचे नगरचे. वडील भिक्षुकी करत. मुलगा गणितात हुशार निघाला म्हणून त्यांनी त्याला पुण्याला कॉलेजात घातलं. पण तो इंटरला असतानाच ते गेले. घरात आई आणि धाकटी बहीण. गणित सोडून मास्तर पोस्टात लागले आणि बदल्या होत होत श्रीगोंदा तालुक्यातल्या या गावी सबपोस्टमास्तर म्हणून आले. छत्तिशी आली तरी सुटलेल्या गणिताची रुखरुख गेली नव्हती. टेबलाच्या खणात शाळेतलं लॉगच्या कोष्टकांचं पुस्तक अजून होतं. त्याला कव्हर घातलेलं होतं, आणि दरवर्षी ते नवं घातलं जाई.

चव्वेचाळीस सालच्या फेब्रुवारीत नगरहून पोस्टाच्या मोठ्या साहेबांचं पत्र आलं. गेल्या सहा महिन्यांत मांडवखेलच्या हद्दीतून पत्रं न मिळाल्याच्या तेवीस तक्रारी झाल्या होत्या. लढाईचे दिवस. बरीचशी पत्रं पलटणीत गेलेल्या शिपायांची, आणि पलटणीकडूनही विचारणा झालेली. कोणत्या पोस्टमनच्या हातून हे होतं आहे याचा आठ दिवसांत रिपोर्ट करावा, आणि संशयाला जागा असेल तर त्या माणसाला कामावरून दूर करण्याची शिफारस करावी, असा हुकूम होता.

मांडवखेलला पोस्टमन दोनच. दक्षिणेकडच्या वाड्यांना सहादेव जाई, पश्चिमेकडच्या गावांना छगन. मास्तरांनी तक्रारींचे कागद काढून दोन ढीग केले. सहादेवाच्या ढिगात सतरा, छगनच्या ढिगात सहा.

त्या दिवशी येरझाऱ्या जरा जास्तच झाल्या.

सहादेवाची नोकरी चोवीस वर्षांची. उंच, वाळका, खांदा थैलीच्या बाजूला कायमचा झुकलेला. शिकला होता चौथीपर्यंत, पण इंग्रजी पत्ता लिहिलेलं पाकीट नुसतं बघून ते कुणाच्या पोरानं धाडलंय ते सांगे. पत्र देऊन तो कधी लगेच निघत नसे. घरात वाचणारं कुणी नसेल तर ओट्यावर बसून वाचून दाखवी, आणि पत्रात काही वाईट असेल तर आधी पाणी मागे. तीन वर्षांनी त्याला पेन्शन लागायची होती. शिपायांची पत्रं गहाळ केल्याचा ठपका आला असता तर पेन्शन तर गेलीच असती, शिवाय ज्या वाड्यांत तो चोवीस वर्षं घरच्यासारखा वावरला तिथं त्याला तोंड दाखवायची सोय राहिली नसती. हे सगळं मास्तरांना ठाऊक होतं. पण सतरा म्हणजे सतरा.

रविवारी शामकांत आला. कॉलेजातला सोबती. तो आता पुण्याला शेतकी कॉलेजात पिकांच्या प्रयोगांचे आकडे बघत असे. काष्टीला कुणाच्या लग्नाला आला होता, तो वाट वाकडी करून मित्राकडे जेवायला आला. जेवण होतं न होतं तोच मास्तरांनी तक्रारींची गोष्ट काढली.

"सतरा आणि सहा," मास्तर म्हणाले. "तिपटीच्या जवळ. पण नुसत्या योगायोगानंही असं होऊ शकेल ना? मग चोर कुणाला म्हणायचं आणि योगायोग कशाला म्हणायचं, हे ठरवायचं कसं?"

शामकांतानं प्रेमलाबाईंकडे चिंचोके मागितले. तेवीस चिंचोके सतरंजीवर ठेवून त्यानं सतरा एकीकडे आणि सहा दुसरीकडे सारले.

"हे बघ यज्ञ्या, दोन गोष्टी मांडायच्या. पहिली गोष्ट अशी, की दोघांचे हात सारखेच. तक्रार व्हायची ती नाणं उडवल्यासारखी, कधी याच्या नावावर, कधी त्याच्या. त्या हिशेबानं दोघांच्या वाट्याला साडेअकरा-साडेअकरा यायला हव्या होत्या. दुसरी गोष्ट अशी, की हात सारखे नाहीत, तेवीसात सतरा हाच तुझ्या सहादेवाचा वाटा. आता विचार असा करायचा, की पहिली गोष्ट खरी धरली तर नेमके हेच आकडे पडायची शक्यता किती, आणि दुसरी खरी धरली तर किती. मग एका शक्यतेला दुसरीनं भागायचं."

"दुसरीच मोठी येणार."

"येणारच. कारण ती तू आकडे बघून मापानं शिवली आहेस. दुकानातल्या तयार सदऱ्यापेक्षा मापाचा सदरा अंगाला बरा बसतोच. प्रश्न एवढाच, की किती बरा? जरासा, का डोळ्यात भरण्याइतका?"

मास्तर उठून उभे राहिले होते. "आणि ते मोजायचं कसं?"

"त्या शक्यता फार बारीक येतात, म्हणून त्यांचे लॉग घ्यायचे. गुणाकाराची बेरीज होते, भागाकाराची वजाबाकी. तुला सोपं करून सांगतो. सतराला साडेअकरानं भाग, लॉग घे, त्याला सतरानं गुण. सहाला साडेअकरानं भाग, लॉग घे, त्याला सहानं गुण. दोन्ही मिळव. आपली कोष्टकं दहाच्या पायावरची, म्हणून आलेल्या आकड्याला दोन पूर्णांक तीनशे तीननं गुण. आणि शेवटी दुप्पट कर."

"दुप्पट का?"

"दुप्पट केलं की तो आकडा एका तयार कोष्टकाशी ताडून बघता येतो. ते कसं, ते सांगायला मला आणखी एक रविवार लागेल. तू एवढं लक्षात ठेव, की हात सारखे असताना हा आकडा तीन पूर्णांक चौऱ्याऐंशीच्या वर जातो तो विसात एखादे वेळी. त्याच्या वर गेला तर योगायोग म्हणून सोडून देऊ नये."

पाचच्या गाडीची वेळ होत आली होती. वहाणा घालता घालता शामकांत म्हणाला, "पहिली गोष्ट मात्र नीट मांड, म्हणजे अर्धं काम झालं. आमच्याकडे ते सोपं, दोन्ही वाफे एकाच मापाचे असतात." मास्तरांनी मान हलवली. त्यांचं लक्ष खणातल्या पुस्तकाकडे लागलं होतं.

मित्र वाटेला लागताच त्यांनी कोष्टकं काढली. कितीतरी वर्षांनी बोट त्या बारीक रकान्यांवरून फिरत होतं. आकडा आला पाच पूर्णांक अठ्ठेचाळीस. दुप्पट करण्याआधीचा आकडा उलट्या लॉगच्या कोष्टकातून काढून पाहिला, तर दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा साडेपंधरा पट बरी बसत होती.

तरी खात्री वाटेना. त्यांनी आणेलीचं नाणं घेतलं आणि उडवायला सुरुवात केली. तेवीस वेळा उडवायचं, किती छापे आणि किती काटे ते पाटीवर लिहायचं, पुन्हा तेवीस वेळा.

"हे काय चाललंय?" प्रेमलाबाईंनी दारातून विचारलं.

"सतरा-सहा कितीदा पडतं ते बघतोय."

"आणि त्यावरून सहादेव चोर ठरायचा?"

"त्यावरून नाही. गणितावरून."

"मागच्या श्रावणात मला ताप होता तेव्हा यांच्या गणितानं नाही, त्या सहादेवानं काष्टीहून औषध आणलं होतं," असं त्या आत जाता जाता चुलीला सांगितल्यासारखं बोलल्या. मास्तरांना ते ऐकू आलं. औषध आणणारा माणूस पत्र टाकून देणार नाही असं थोडंच आहे, असं ते मनाशी म्हणाले आणि नाणं पुन्हा उडवलं. दिवेलागणीपर्यंत चाळीस खेळ्या झाल्या. सतरा-सहा एवढी फाटाफूट पडली ती एकदाच.

सोमवारी सकाळी त्यांनी रिपोर्ट लिहिला. स्वच्छ, वळणदार अक्षरात, कसोटीचा आकडा मांडून. आकडेवारीवरून सहादेवावर संशयाला सबळ जागा आहे, त्यास कामावरून दूर करून चौकशी व्हावी. लिहिताना त्यांना एक प्रकारचा आनंद झाला होता हे खरं आहे. इतक्या वर्षांनी गणित उपयोगी पडलं होतं, आणि वरच्या साहेबांच्याही ध्यानात येणार होतं की मांडवखेलचा मास्तर नुसता शिक्के मारणारा नाही.

थैली काष्टी स्टेशनवर पोचवण्याची पाळी त्या आठवड्यात सहादेवाची होती. त्यानं ती खांद्याला लावली, "जातू मास्तर," म्हणाला आणि गेला. दारातून तो वळणापर्यंत दिसत होता. मास्तर तो दिसेनासा होईपर्यंत उभे राहिले. मग आत आले, पुन्हा दारात गेले. आनंद त्या वळणापर्यंतच टिकला.

दुपारी काम सुचेना. दोनदा शिक्क्याची तारीख तपासली, ती बरोबर होती. गणित पुन्हा केलं, तेही बरोबर होतं. सगळं बरोबर असताना हे काय टोचतंय, ते कळेना.

मंगळवारी खिडकी उघडायच्या आधीच हिरडेवाडीची राहीबाई येऊन पायरीवर बसली होती. तिचा मुलगा गोरक्षनाथ पलटणीत होता. सतरातल्या तीन तक्रारी एकट्या तिच्या.

"मास्तर, चौथी तक्रार लिवून घ्या," ती म्हणाली. "माज्या गोरखचं दोन म्हयने पत्र न्हाई. तुमच्या त्या सहादेवाला इचारा कुटं टाकलं."

"तो टाकतो असं तुम्ही पाहिलंत का?"

"बघायला कशाला पायजे? आमच्या वाडीची चाळीस पोरं पल्टनीत गेल्यात. रोज कुनाचं ना कुनाचं पत्र येतंय. शेजारनीच्या हातात पत्र आन् माज्या हातात पीठ. मला काय वाटत आसंल?" तिनं पदर सावरला. "त्या छगनकडची गावं बरी. तितनं पल्टनीत कोन गेलंय? कुनाचं पत्र न्हाई, वाट बगनं न्हाई, तक्रार बी न्हाई. ज्यांला पत्र यायचंच न्हाई, त्यांचं हरवनार काय?"

मास्तरांचा टाक कागदावर टेकलेला तसाच राहिला. शाईचा ठिपका वाढत गेला.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"ते शेवटचं."

"ज्यांला पत्र यायचंच न्हाई, त्यांचं हरवनार काय," राहीबाई म्हणाली, आणि मास्तरांना कमी ऐकू येतं की काय अशा नजरेनं तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

तिची तक्रार लिहून घेतली, तिला वाटेला लावलं, आणि मास्तरांनी भिंतीतलं कपाट उघडलं. दर वर्षी ऑगस्टात एक आठवडा येणारं-जाणारं सगळं टपाल मोजून त्याचा तक्ता वर पाठवायचा असे. एरवी साध्या पत्रांची नोंद कुठंच होत नसे. ती यायची आणि वाटली जायची. तक्त्याची नक्कल खालच्या खणात, सुतळीनं बांधलेली. त्या आठवड्यात सहादेवाच्या थैलीतून गेलेली पत्रं चारशे दोन. छगनच्या थैलीतून, एकशे शहाण्णव.

सकाळचं टपाल अजून फोडायचं होतं. त्यांनी ते फोडून मोजलं. सहादेवाची एक्कावन्न, छगनची पंचवीस. पुढं मोजायची गरज नव्हती. ही जाडी आणि ही बारकी अशा दोन गड्ड्या गेली दोन वर्षं रोज सकाळी ते स्वतःच्या हातानं बांधत होते.

नाणं उडवायचं तर दोन्ही बाजू सारख्या हव्यात. इथं तीन पत्रांतली दोन सहादेवाच्या थैलीत पडत होती. दोघांचे हात अगदी सारखे असते, तरी तेवीसातल्या साडेपंधरा तक्रारी त्याच्याच नावावर यायच्या, आणि छगनच्या नावावर साडेसात. पहिली गोष्टच चुकीची मांडली होती. शामकांताचे वाफे एकाच मापाचे होते. हे नव्हते, आणि तसं तो दारात उभा राहून सांगून गेला होता.

त्यांनी कोष्टकं काढली. सतराला साडेपंधरानं भागलं, सहाला साडेसातनं. बोटाला घाम आला होता, पान चिकटत होतं. शेवटचा आकडा आला शून्य पूर्णांक सेहेचाळीस. पाचावरून अर्ध्याच्याही खाली. मापानं शिवलेला सदरा आता तयार सदऱ्यापेक्षा जेमतेम सव्वापट बरा बसत होता, आणि तेवढा तर तो बसणारच.

आणि रिपोर्ट कालच गेला होता.

मांडवखेलला तार नव्हती. दुसरं पत्र लिहिलं असतं तर ते पहिल्याच्या मागून दोन दिवसांनी पोचलं असतं, आणि साहेबांनी तोवर सही केली असती तर पुढचं सगळं चौकशीच्या रहाटगाडग्यात. बुधवारी सकाळी मास्तरांनी छगनला खिडकीवर बसवलं. छगन लिहिण्या-वाचण्यात तयार होता, पूर्वीही एक-दोनदा बसला होता.

"कुठं निघाला मास्तर, एवढ्या घाईनं?"

"नगरला. सहादेवाच्या तक्रारींचं काम आहे."

"जाताय तर माज्या सहांचं बी बगा," छगन म्हणाला. "त्यातल्या दोन एकाच म्हाताऱ्याच्या हायेत. त्याच्या पोरानं चार वर्षं झाली पत्र धाडलं न्हाई, आन् म्हातारा म्हनतो छगन्यानं खाल्लं. पत्र काय भजं हाय व्हय खायला?"

मास्तर हसले नाहीत. काष्टीपर्यंतचा रस्ता त्यांनी जवळजवळ पळतच काटला. गाडीत जागा होती तरी दाराशी उभेच राहिले, विसापूर गेलं, सारोळा गेलं. साहेबांपुढं काय बोलायचं त्याची मनात जुळवाजुळव चालली होती आणि प्रत्येक स्टेशनावर ती मोडत होती. चूक कबूल करायची म्हणजे नेमकं काय कबूल करायचं? गणित चुकलं असतं तर सोपं होतं. गणित चुकलं नव्हतं. मिरवायची घाई झाली होती, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

साहेब करड्या मिशांचे, मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी मास्तरांना तासभर बाहेर थांबवलं. त्या तासात मास्तरांनी व्हरांड्याच्या फरश्या मोजल्या, दोनदा. आत बोलावलं तेव्हा टेबलावरच्या तबकात टाइप केलेला हुकूम पडलेला दिसला. सहादेवाचं नाव उलट्या बाजूनंही वाचता येत होतं. खाली सही नव्हती.

मास्तरांनी सगळं सांगितलं. ऑगस्टचा तक्ता पुढं ठेवला. साहेबांनी तो वाचला, मग सोमवारचा रिपोर्ट पुन्हा वाचला.

"सोमवारी तुमचं गणित म्हणतं माणूस दोषी. बुधवारी म्हणतं नाही. शनिवारी काय म्हणेल, निसळ?"

"गणित दोन्ही दिवशी तेच होतं, साहेब. सोमवारी मी त्याला चुकीचं विचारलं. तक्रारी मोजल्या, पण त्या कितीतल्या हे मोजलं नाही."

"म्हणजे हा मनुष्य निर्दोष आहे, असं तुम्ही लिहून देता?"

मास्तर अडले. हो म्हटलं असतं तर काम तिथंच झालं असतं. "तसं लिहून देता येणार नाही," ते म्हणाले. "टपाल दुप्पट आहे, तक्रारी पावणेतीनपट. उरलेला फरक योगायोगात सहज बसतो. सतरा या आकड्यावरून त्याला दोषी म्हणता येत नाही, एवढंच लिहून देतो. एखादंही पत्र त्याच्या हातून गहाळ झालं नसेल, असं मला सांगता येत नाही. छगनच्या हातूनही झालं नसेल, असंही सांगता येत नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पहिला रिपोर्ट नोंदला गेलाय. तो काही नाहीसा होत नाही. दुसरा लिहा, आणि पहिला कशानं चुकला ते स्वतःच्या सहीनं लिहा. तुमच्या नोकरीच्या कागदावर शेरा पडेल."

"पडू द्या."

"पुढच्या वर्षी तुमच्या बढतीचा विचार व्हायचा होता."

मास्तरांनी मान हलवली. टाक मागितला आणि तिथंच, टेबलाच्या कडेला उभ्यानं, दीड पान लिहिलं. साहेबांनी ते वाचलं, तबकातला हुकूम उचलला आणि त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ ओढली.

गुरुवारी सकाळी सहादेव टपाल घ्यायला आला तेव्हा मास्तरांनी त्याला आत बोलावून खुर्चीवर बसवलं. तो बसेना. मग दोघंही उभे राहिले, आणि मास्तरांनी त्याला सोमवारच्या थैलीत काय होतं ते सांगितलं.

सहादेव थैलीचा पट्टा चोळू लागला.

"जड तर न्हाई लागली," तो म्हणाला.

"माझी चूक झाली, सहादेवा."

"म्हंजे आता मी चोर न्हाई, असं ठरलं म्हना की."

"चोर आहेस असं ठरत नाही, असं ठरलं."

"ह्या दोन्हीत फरक हाय व्हय?"

"आहे."

"तुमच्या कागदात आसंल. हिरडेवाडीत मी ह्यातलं कोन्तं सांगू?" त्याचा आवाज चढला नाही, पण पट्टा चोळणारा हात थांबला. "ती राहीबाई मला बगून दार लावती, मास्तर. चोवीस वर्सं तिच्या ओट्याव पानी प्यालो. तिच्या लग्नाची पत्रिका मीच वाटली हुती. आता दुरून दिसलो की दार. सायबानं रेघ मारली ती तिला कुटं दिसनार?"

मास्तर काउंटरपासून दारापर्यंत गेले आणि परत आले. "रविवारी सुट्टी आहे," ते म्हणाले. "तुझ्याबरोबर येतो. ज्यांनी तक्रार केली त्या प्रत्येक घरी."

"पायी जमंल तुमास्नी? जाऊन-येऊन सात कोस हाय."

"चालायची मला सवय आहे."

"ती खोलीतल्या खोलीत," सहादेव म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं तेवढंच हसणं.

सतरा तक्रारी अकरा घरांच्या होत्या. रविवारी उजाडताच दोघं निघाले. पहिल्या घरात कुणी नीट ऐकूनच घेतलं नाही. दुसऱ्यात चहा झाला. तिसऱ्या घरचा म्हातारा म्हणाला, "आमी कुटं सहादेवाला चोर म्हनलो? आमी पोस्टाला म्हनलो." चौथ्या घरी हरवलेलं पत्र महिन्यामागंच मिळालं होतं, तक्रार मागं घ्यायची असते हे कुणाला माहीत नव्हतं. मास्तर प्रत्येक ठिकाणी तेच सांगत होते: तुमच्याकडं पत्रं जास्त येतात म्हणून तक्रारीही जास्त होतात, सहादेवाकडं बोट दाखवावं असं त्यात काही सापडलं नाही, आणि मी ते दाखवलं होतं, ती माझी चूक. सांगून सांगून ते थोडक्यात सांगायला शिकले होते.

पाचवं घर राहीबाईचं. ती दारात शेंगा निवडत होती. सहादेवाला पाहून उठली, पण मागं मास्तर दिसले म्हणून थांबली. मास्तरांनी सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, शेंगांचं सूप मांडीवर तसंच.

"म्हंजे गोरखचं पत्र हितपतूर आलंच न्हाई," ती म्हणाली.

"बहुतेक नाही."

"सहादेवानं टाकलं न्हाई."

"टाकलं असं म्हणायला काही आधार नाही."

ती खाली बसली. सूप बाजूला ठेवलं. "त्यानं टाकलं आसंल तर बरं, असं वाटायचं मला," ती हळू बोलली. "म्हंजे पोरानं लिवलं तरी आसंल. हात चालत आसंल त्याचा. आता मी कुनाव रागवू, मास्तर?"

मास्तरांना हे आधी सुचलं नव्हतं. चार-चार कागदांवर तिचा अंगठा घेतला, दोनदा लॉग काढले, नगरला जाऊन आले, आणि ही गोष्ट त्यात कुठंच नव्हती. सहादेव पुढं झाला, ओट्यावर आपल्या नेहमीच्या जागी बसला आणि म्हणाला, "पानी दे, राहीबाय."

तिनं तांब्या आणला. तो पिईपर्यंत उभी राहिली, मग मास्तरांकडं वळली. "कार्ड हाय का तुमच्याकडं?"

मास्तरांनी खिशातून कार्ड आणि पेन्सिल काढली. "काय लिहू?"

"लिवा, तुजी आय सहादेवासंगं भांडली, ते तुज्यापायी. दोन म्हयने त्याला पानी दिलं न्हाई म्हनावं. लिव आता तरी."

"माजं नाव नको घालू त्यात," सहादेव म्हणाला. "तिकडं सायबलोक पत्रं फोडून वाचत्यात."

"वाचू दे. लिवा मास्तर."

मास्तरांनी ओट्यावर बसून तिनं सांगितलं तसंच लिहिलं, नावासकट. पलटणीचा नंबर सहादेवानं तोंडपाठ सांगितला. कार्ड त्यानं दोन्ही बाजूंनी वाचून पाहिलं, सुट्टीतही सवयीनं खांद्याला लावलेल्या थैलीत टाकलं आणि उठला. ऊन चढलं होतं आणि सहा घरं अजून राहिली होती.